पायरसीचे नुकसान (तर्कप्रश्न)

सॉफ्टवेअरच्या बेकायदा प्रतींमुळे उत्पादकांचे अमुक इतके पैसे बुडाले, असे विधान देऊन त्यामागचे गृहीतक ओळखायला, किंवा युक्तिवाद बळकट वा लुळा करणारा पर्याय निवडायला सांगणारा प्रश्न. जीमॅटच्या व्हर्बल विभागातील क्रिटिकल रीझनिंगच्या सरावात तो हमखास भेटतो. अशा प्रश्नांतली गावे आणि कंपन्या बहुधा कल्पनेतल्या असतात. हा प्रश्न मात्र एका खऱ्या, बरीच वर्षे चाललेल्या भांडणातून आला आहे.

सांगाडा साधा असतो. समजा, एका अकाउंटिंग पॅकेजच्या 10 लाख चोरट्या प्रती वापरात आहेत आणि अधिकृत किंमत 8,000 रुपये आहे. म्हणून कंपनीचे 800 कोटी रुपये बुडाले. गुणाकार बिनचूक आहे, गफलत त्याच्या आधीच झालेली आहे. चोरटी प्रत मिळाली नसती तर त्या दहाच्या दहा लाख जणांनी पूर्ण किंमत मोजली असती, हे न बोलता धरून चालले आहे. गृहीतक पकडायचे तर ते उलटवून पाहावे आणि निष्कर्ष कोसळतो का ते बघावे. इथेच पुष्कळ विद्यार्थी घसरतात. ‘सगळ्यांनी घेतले असते’ याचे उलट ‘कोणीच घेतले नसते’ असे होत नाही; ‘सगळ्यांनीच घेतले असते असे नाही’ एवढेच होते. तेवढ्यानेही 800 कोटींचा आकडा टिकत नाही. दहातल्या एकानेच घेतले असते तर तो 80 कोटींवर येतो.

1990च्या दशकातले एखादे डीटीपीचे दुकान डोळ्यांपुढे आणावे. संगणक कर्जाचा, पेजमेकर आणि कोरल ड्रॉ कोणाकडून तरी आणलेल्या सीडीवरून चढवलेले, कामे लग्नपत्रिकांची आणि पावतीपुस्तकांची. सीडी मिळाली नसती तर मालकाने काय केले असते? मूळ प्रत घेतली असती, जुन्या आवृत्तीवर भागवले असते, स्वस्तातले दुसरे पॅकेज पाहिले असते, नाहीतर काम शेजारच्या दुकानात टाकून कमिशन घेतले असते. यातल्या पहिल्याच वाटेने कंपनीच्या गल्ल्यात पैसे पडतात. पण त्याच संगणकाच्या मागे मराठी फाँटच्या पॅकेजचे हार्डवेअर लॉक लावलेले असे. ते रीतसर पैसे मोजून घेतलेले, कारण लॉकशिवाय ते पॅकेज चालत नसे. म्हणजे हात अडला की खिसा उघडत होता. बुडालेली विक्री शून्य धरणाराही त्यामुळे चुकतो.

खऱ्या भांडणातला मुख्य पक्षकार म्हणजे 1988 साली स्थापन झालेली बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्स ही अमेरिकी उद्योगसंघटना. आयडीसी या बाजारसंशोधन कंपनीला हाताशी धरून तिने 2003 सालापासूनचे जागतिक अहवाल काढले. त्यांची रीत ढोबळमानाने अशी: देशात संगणक किती, प्रत्येकावर सरासरी किती सॉफ्टवेअर बसवलेले, त्यातून अधिकृत विक्री वजा, उरले ते पायरेटेड, आणि त्याची बाजारभावाने किंमत म्हणजे नुकसान. 2003 साठी जगाचा आकडा निघाला 29 अब्ज डॉलर. बेकायदा दहा प्रतींमागे कदाचित एखादीच विक्री बुडत असेल, असे 2004 साली आयडीसीच्याच अधिकाऱ्याने वृत्तपत्राला सांगितले. पुढच्या वर्षी ‘द इकॉनॉमिस्ट’ने या आकड्यांची खिल्ली उडवली. अमेरिकी संसदेसाठी सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या जीएओ या संस्थेने एप्रिल 2010च्या अहवालात, एक बेकायदा प्रत म्हणजे एक बुडालेली विक्री या गृहीतकावरच बोट ठेवले. त्या सुमारास संघटनेच्या अहवालांतही ‘नुकसान’ हा शब्द मागे पडून ‘विनापरवाना सॉफ्टवेअरचे व्यापारी मूल्य’ असा सावध शब्दप्रयोग पुढे आला.

याच अहवालांत दुसऱ्या एका सापळ्याचे उत्तम उदाहरण आहे, टक्का आणि रक्कम यांच्या घोळाचे. भारतातील पायरसीचे प्रमाण 2003 मध्ये 73 टक्के होते, 2011 मध्ये 63 टक्के. रक्कम मात्र सुमारे 37 कोटी डॉलरवरून 293 कोटी डॉलरवर गेली. उमेदवाराला ही विसंगती सोडवायला सांगितली की तो कायद्याच्या अंमलबजावणीवरचा पर्याय निवडतो. खरे तर मधल्या काळात संगणकच इतके वाढले, की लहान झालेला टक्काही मोठी रक्कम देतो. वर्ग मोठा झाला तर नापासांचे प्रमाण घटूनही नापासांची संख्या वाढू शकते, तसेच हे.

‘युक्तिवाद लुळा करा’ या प्रकारात चोरट्या प्रतींनी विक्रीला हातभार लावला, असे सांगणारा पर्याय प्रबळ ठरतो, आणि त्याला संशोधनाचा आधारही आहे. गिव्हॉन, महाजन आणि म्युलर यांनी 1995 साली ब्रिटनमधील स्प्रेडशीट व वर्ड प्रोसेसरचा अभ्यास केला. सात वापरकर्त्यांपैकी सहा जण चोरटी प्रत वापरत होते, पण नव्या ग्राहकांपैकी 80 टक्क्यांहून अधिक ग्राहक त्यांच्याच प्रभावाने मिळाले, असा त्यांचा अंदाज होता. बिल गेट्स यांनी 1976 साली हौशी संगणकप्रेमींना उघड पत्र लिहून फुकट्यांना चोर ठरवले होते. 1998 साली चीनविषयी बोलताना त्यांचाच सूर असा होता, की चोरणारच असतील तर आमचे चोरलेले बरे.

‘पायरसी बेकायदा आहे’ हा पर्याय मात्र कुठल्याच बाजूने उपयोगाचा नाही. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम 63-बी नुसार चोरटी प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण गुन्हा घडला म्हणून बुडालेली रक्कम 800 कोटी ठरत नाही, आणि रक्कम 80 कोटींवर आली म्हणून गुन्हा माफ होत नाही.

रोजगाराचा दावा ही याच प्रश्नाची पुढची पायरी. जगभरात पायरसी दहा टक्क्यांनी उतरवली तर 15 लाख नव्या नोकऱ्या निर्माण होतील, असे आयडीसीने 2003 साली या संघटनेसाठी मांडले होते. इथे धरून चाललेली गोष्ट अशी, की सॉफ्टवेअरवर न खर्चलेला पैसा अर्थव्यवस्थेतून नाहीसाच होतो. डीटीपीवाल्याने पेजमेकरचे वाचलेले पैसे लेसर प्रिंटरमध्ये घातले असतील, तर तो प्रिंटर विकणारा आणि दुरुस्त करणारा पोऱ्या या बेरजेत कुठेच दिसत नाही.