चार चिंचोके आणि आत्याआजीचा न्याय

आजच्या व्याख्यानाचा विषय कळल्यावर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने विचारलं, "सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत आणि आता चल्लस-आठ?" त्याला म्हटलं, बाबा रे, नियम म्हणजे काय हे आम्हाला कॉलेजात नंतर कळलं, पडवीत आधी कळलं होतं.

ती पडवी चौकातली. पावसाळ्यात इर्शाळगड ढगात गेला की दोन-दोन दिवस दिसत नसे. लावणी आटोपलेली, बाहेर धो धो पाऊस, दुपारी घरात बायका आणि पोरं. अशा वेळी शेणाने सारवलेल्या जमिनीवर कोळशाने पट आखला जाई. पाच उभी, पाच आडवी, अशी 25 घरं. चारही बाजूंच्या मधल्या घरावर फुली आणि अगदी मधल्या घरावर एक फुली. चार चिंचोके दगडावर घासून एका अंगाने पांढरे करायचे. हे आमचे फासे! सोंगट्या म्हणून फुटक्या बांगडीचे तुकडे, कौलाच्या खापऱ्या, वालाचे दाणे, खडे, जे हाताला येईल ते. प्रत्येकाच्या चार.

खेळ असा. चिंचोके हातात खुळखुळवून टाकायचे. जेवढे पांढरे वर, तेवढं दान: एक, दोन, तीन. चारही पांढरे पडले तर चल्लस, म्हणजे चार. चारही काळे पडले तर आठ. चल्लस किंवा आठ पडलं की आणखी एकदा टाकायला मिळतं. आपल्या फुलीवरून निघायचं, बाहेरच्या 16 घरांना घड्याळाच्या उलट वळसा घालायचा, मग आतल्या आठ घरांत शिरून सुलट फिरायचं आणि मधल्या फुलीवर पोचायचं. तिथे नेमकं दान लागतं. दोन हवे असताना तीन पडले तर ती सोंगटी बसून राहते. वाटेत दुसऱ्याच्या सोंगटीवर आपली आली तर ती मेली, परत तिच्या घरी गेली. मारणाऱ्याला आणखी एक दान. फुलीवर मात्र कोणी कोणाला मारू शकत नाही.

आणि मुख्य नियम: एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत प्रवेश नाही. बाहेरच फिरत राहायचं.

आता थोडा हिशोब. चार चिंचोके पांढरं-काळं मिळून 16 प्रकारांनी पडतात. त्यांत एक चार वेळा, दोन सहा वेळा, तीन चार वेळा, चल्लस एकदा, आठ एकदा. एका सोंगटीला घरापासून मध्यापर्यंत 24 पावलं चालायची असतात, चार सोंगट्यांना 96. गंमत बघा, श्रीमंतांच्या सारीपाटाला चार हात, प्रत्येक हाताला 24 घरं, तीही 96! अर्थात चिंचोका काही प्रामाणिक नसतो. त्याची घासलेली बाजू सपाट, दुसरी फुगीर, त्यामुळे आमचा हिशोब कागदावरच खरा.

सारीपाटाचं वर्णन अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत आहे: 16 सोंगट्या, तीन लांबट फासे, त्यांच्या चार अंगांवर एक, दोन, पाच, सहा. तीन फाशांवर सहा, सहा आणि एक पडलं की पो-बारा. मराठीत पोबारा करणारा आज नुसता पळून जातो, तो भाग वेगळा.

त्याच्याही फार आधी आपल्याकडे फासे म्हणजे बेहड्याची फळं होती. होय, त्रिफळ्यातला बेहडा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 34वं सूक्त याच फाशांवर आहे. त्यातला जुगारी सगळं घालवून बसलाय, बायको जवळ करत नाही, सासू तोंड बघत नाही. शेवटी त्याला सांगितलं आहे की फासे सोड आणि शेती कर. त्या खेळात फळं चार-चारांनी मोजत. बाकी काही उरलं नाही तर कृत, तीन उरली तर त्रेता, दोन तर द्वापर, एक उरलं तर कली. आपण ज्याला कलियुग म्हणून नावं ठेवतो, ते नाव मुळात हरणाऱ्या दानाचं आहे. नलाच्या कथेत ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडावरची पानं आणि फळं अंदाजाने अचूक सांगतो आणि नलाला अक्षविद्या देतो. युरोपात पास्कल आणि फर्मा यांनी 1654 साली, अर्धवट राहिलेल्या डावाचा पण कसा वाटायचा, यावर पत्रं लिहिली आणि संभाव्यतेचं गणित उभं राहिलं. आमच्या पडवीत हा प्रश्न आलाच नाही. पण लावलेलाच नसे. दिवेलागण झाली की पट पुसला.

पण महाभारतातला प्रश्न मात्र आमच्याकडे आला होता. सभेत द्रौपदी फाशांबद्दल काही विचारत नाही. शकुनीने लबाडी केली का, हेही नाही. ती विचारते, युधिष्ठिर आधी स्वतःला हरला असेल तर मला पणाला लावायचा अधिकार त्याला उरला होता का? म्हणजे प्रश्न दानाचा नाही, नियमाचा आहे. भीष्म म्हणतात, धर्म सूक्ष्म आहे. निकाल देत नाहीत. विकर्ण तिच्या बाजूने बोलतो, तो वयाने लहान, त्याला गप्प करतात.

आमच्या आत्याआजी, वडिलांच्या आत्या, बालविधवा. घरात त्यांच्या नावावर भांडंसुद्धा नव्हतं. हळदीकुंकवाला त्यांना बोलावणं नसे, पंगतीत शेवटी बसत. एकदा आमच्या धाकट्या चुलतभावाच्या चारही सोंगट्या आतल्या दाराशी येऊन थांबल्या होत्या, मारली एकही नव्हती. पोर रडकुंडीला आलेलं. मोठे काका ओटीवरून आत आले आणि म्हणाले, "जाऊ दे गं त्याला आत, लहान आहे." घरात काका बोलतील ती पूर्वदिशा. आत्याआजींनी वर पाहिलंही नाही. म्हणाल्या, "मारल्याशिवाय आत नाही."

काका म्हणाले, "अगं, खेळ तर आहे."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कशात मी बोलते का?"

आपल्याकडे म्हण आहे, फासा पडेल तो डाव आणि राजा बोलेल तो न्याय. काका थोडा वेळ उभे राहिले आणि छत्री घेऊन बाहेर गेले. आम्हाला तेव्हा वाटलं, आत्याआजी दुष्ट आहेत. चुलतभावाला तर अजूनही वाटतं!

आता नातवंडं मोबाईलवर लूडो खेळतात. इंग्लंडात 1896 साली पेटंट घेतलेला हा खेळ म्हणजे आपल्या पंचविशीचंच परत आलेलं पोर. न मारता आत जाऊ देतात, वाईट काही नाही. पण तिथे भांडता येत नाही. फासा यंत्र टाकतं आणि नियमही तेच सांगतं. नातीला आम्ही विचारलं, चिंचोका कशाला तरी टेकून तिरपा राहिला तर काय करतेस? तिला प्रश्नच कळला नाही.

आमच्याकडे तो प्रसंग खरोखर आला होता. आत्याआजींची शेवटची सोंगटी मध्यापासून एक घर दूर होती. त्यांनी चिंचोके टाकले. दोन काळे, एक पांढरा आणि चौथा जमिनीच्या पोपड्याला टेकून उभा. त्याला काळा धरला तर दान एक आणि डाव त्यांचा. आम्ही सगळे ओरडलो, काळाच आहे, काळाच आहे! त्यांनी वाकून पाहिलं, बोट लावलं नाही. "टेकलेलं दान, दान नव्हे," म्हणाल्या, चारही चिंचोके उचलले आणि पुन्हा टाकले. तीन पडले. पुढच्या दानाला आम्ही सुटलो, डाव आमचा झाला. त्यांनी चिंचोके डबीत भरले, पट पुसला आणि चहाचं आधण ठेवायला उठल्या.