वाशिष्ठीच्या काठचा आफ्रिकी वारसा

पोफळीच्या जलविद्युतगृहात वीज देऊन कोयनेचे पाणी बाहेर पडते आणि वाशिष्ठीला मिळते. ते चिपळूणला वळसा घालून गोवळकोटच्या पायथ्याशी येते, पुढे दाभोळच्या खाडीने अंजनवेलपाशी समुद्रात जाते. रविवारचा मिस्सा आटोपून आम्ही काही कुटुंबे या पाण्याच्या मागोमाग गोवळकोटपर्यंत गेलो. मुले तटावर चढली आणि त्यांतल्या एकाने विचारले, “हा किल्ला कोणाचा?” कोणीतरी उत्तरले, “सिद्दीचा.” लगेच पुढचा प्रश्न आला, “सिद्दी म्हणजे कोण?” आम्ही मोठी माणसे एकमेकांकडे पाहू लागलो. हा लेख त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

सिद्दी हे मूळचे आफ्रिकेचे. हबश म्हणजे आजचा इथिओपिया. त्यावरून ‘हबशी’ हा शब्द आला. तांबड्या समुद्रातून आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबी व्यापाऱ्यांच्या गलबतांतून ही माणसे दख्खनच्या बंदरांत उतरत. कोणी खलाशी म्हणून, कोणी शिपाई म्हणून आले. पुष्कळांना मात्र गुलाम म्हणून विकत आणले गेले. दख्खनच्या सुलतानांना विश्वासू लढवय्ये हवे होते. म्हणून या गुलामाला घोडा व तलवार मिळे आणि कर्तबगारी असली तर जहागिरीही. इथिओपियात 1548 च्या सुमारास जन्मलेला आणि अनेकदा विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याने मोगलांना वर्षानुवर्षे झुंजवले, 1610 साली खडकी शहर वसवले आणि तेथे नहरीने पाणी खेळवले. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. 1626 साली तो वारला. खुलताबादेत त्याची कबर आहे.

किनाऱ्यावर सिद्द्यांचे मुख्य ठाणे जंजिरा. त्यांच्या मुलुखाला आपले पूर्वज ‘हबसाण’ म्हणत. हे राज्य 1948 पर्यंत टिकले. गोवळकोट आणि अंजनवेल ही त्यांचीच दक्षिणेकडील ठाणी. येथील सिद्दी साताने 1727 साली परशुरामाचे देवालय उद्ध्वस्त केले. ही आठवण चिपळूणच्या पंचक्रोशीत आजही ताजी आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. 1736 साली चिमाजी अप्पांच्या फौजेशी लढताना सिद्दी सात मारला गेला. याच चिमाजी अप्पांनी तीन वर्षांनी, 1739 साली, पोर्तुगिजांकडून वसई घेतली. तेव्हा हा इतिहास आपल्या घरापासून वाटतो तितका दूर नाही.

परंतु एका सिद्दी साताच्या नावावर साऱ्या सिद्द्यांचा इतिहास संपवणे न्यायाचे ठरेल काय? ‘हबशी’ हा शब्द आपल्याकडे सावळ्या मुलाला हिणवण्यासाठी वापरला जातो. तो वापरणाऱ्याला मलिक अंबर ठाऊक नसतो. ज्याला साखळदंडात आणले आणि ज्याचे नावही कोणी लिहून ठेवले नाही, तो अनाम माणूस तर मुळीच ठाऊक नसतो.

आणि येथे आपल्याला स्वतःच्या अंगणातही पाहावे लागते. पोर्तुगिजांनी मोझांबिकहून गुलाम गोव्यात आणले. 1583 ते 1588 या काळात गोव्याच्या आर्चबिशपांचा चिटणीस असलेल्या लिन्सकोटेन या डच माणसाने तेथे भर रस्त्यात चालणारा माणसांचा लिलाव पाहून लिहून ठेवला आहे. विकणारे ख्रिस्ती होते आणि विकत घेणारेही. विकल्या गेलेल्यांपैकी अनेकांना स्नानसंस्कार मिळाला, स्वातंत्र्य मिळाले नाही. 1452 साली पोप निकोलस पाचवे यांनी पोर्तुगालच्या राजाला अख्रिस्ती लोकांना दास करण्याची मुभा दिली होती. 1839 साली पोप ग्रेगरी सोळावे यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. या दोन तारखांमध्ये किती पिढ्या गेल्या, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. 22 फेब्रुवारी 1992 रोजी पोप जॉन पॉल दुसरे सेनेगलच्या गोरे बेटावर, जेथून गुलाम गलबतांत चढवले जात तेथे, उभे राहिले आणि त्यांनी क्षमा मागितली. पुढे 2000 साली त्यांनीच सुदानच्या जोसेफिन बखिता यांना संतपद दिले. त्याही एकेकाळी बाजारात विकल्या गेल्या होत्या.

या कहाणीला एक उजळ पानही आहे. नाशिकजवळ शरणपूर येथे 1854 साली प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी वसाहत वसवली. इंग्रज आरमाराने गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकी मुले तेथे शिकली. त्यांपैकी जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत गेला. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या दफनाची प्रार्थना त्याने वाचली, आणि 1874 साली लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये त्यांच्या शवपेटीला खांदा दिला. गोदावरीच्या काठी वाढलेल्या मुलाने जगाच्या इतिहासात उमटवलेली ही खूण नाशिककरांपैकी कितीजणांना ठाऊक असेल?

सिद्दी आजही आपल्यात आहेत. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर भागात हिंदू, मुसलमान आणि कॅथलिक असे तिन्ही धर्मांचे सिद्दी राहतात. त्यांच्या बोलीत कोकणी आणि मराठीचे शब्द सहज भेटतात. 2003 साली कर्नाटकातील सिद्द्यांचा समावेश अनुसूचित जमातींत झाला. उपासनेला आपल्याच बाकावर बसू शकतील असे हे भाऊबंद आहेत. आपण त्यांना परदेशी समजतो, एवढेच.

म्हणून आमची विनंती अशी की, प्रत्येक धर्मग्रामाने वर्षातून एकदा तरी अशी वारसाफेरी काढावी. खर्च फारसा नाही. सोबत इतिहासाचा एखादा जाणकार शिक्षक असावा, शेजारच्या हिंदू-मुसलमान कुटुंबांनाही आमंत्रण असावे, आणि वृद्धांनी सांगितलेले कोणीतरी वहीत उतरवून घ्यावे. अभिमानाच्या गोष्टींबरोबर लाजेच्या गोष्टीही त्या वहीत याव्यात. एकच बाजू लिहिलेली वही मुलांच्या उपयोगाची नसते.

गोवळकोटहून परतताना ज्या मुलाने प्रश्न विचारला होता, तो म्हणाला, “म्हणजे किल्ल्याचे धनीही आफ्रिकेचे आणि गुलामही आफ्रिकेचे?” आम्ही होय म्हटले. तो गप्प झाला. त्याला पडलेला तो विचार आम्हा मोठ्यांना इतकी वर्षे खाडीकाठी राहूनही पडला नव्हता.