शिकारी चित्ता

‘चित्त्याची शिकार’ या शब्दांचे मराठीत दोन अर्थ होतात. चित्त्याने केलेली शिकार हा एक आणि चित्त्याचीच केलेली शिकार हा दुसरा. भारतातील कोरड्या माळरानांवर या दोन्ही गोष्टी शतकानुशतके एकमेकींत गुंतलेल्या होत्या. किंबहुना पहिलीच्या हौसेपोटीच दुसरी घडत गेली.

चित्त्याकरवी हरणे मारण्याचा खेळ आपल्याकडे जुना आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लासा’त त्याचे वर्णन आढळते. डोळे झाकलेला चित्ता बैलगाडीत बसवून माळावर नेत. गाडीला सरावलेले काळवीट तिला फारसे बुजत नसत. कळप टप्प्यात आला की डोळ्यांवरचे आवरण काढले जाई आणि क्षणार्धात चित्ता झेपावे. धाव फसली, तर तो फार काळ पाठलाग करीत नसे. साधली, तर शिकारीचा थोडा वाटा त्याला मिळे.

मोगल दरबारात या खेळाला मोठीच प्रतिष्ठा लाभली. अकबराने एका वेळी एक हजार चित्ते जमविले होते, असे त्याचा पुत्र जहांगीर आपल्या आत्मवृत्तात सांगतो. या चित्त्यांची प्रजा व्हावी म्हणून अकबराने नरमाद्यांना बागांत एकत्र सोडूनही पाहिले; परंतु यश आले नाही. पुढे जहांगीराच्या कारकिर्दीत, 1613 च्या सुमारास, एका मादीला तीन पिल्ले झाली आणि बादशहाने त्या नवलाची मुद्दाम नोंद केली. त्यानंतर बंदिवासात चित्त्याचा जन्म झाल्याची नोंद मिळते ती थेट 1956 साली, अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात.

या एका गोष्टीत सारे मर्म आहे. घोडा, बैल, कुत्रा यांची पैदास माणसाने आपल्या दारी केली. चित्ता मात्र पिढ्यान्‌पिढ्या रानातूनच आणावा लागला. तोही शक्यतो वाढलेला. कारण पारध करण्याची विद्या तो आईपाशी शिकतो आणि ती माणसाला शिकविता येत नाही. चित्ते ज्या झाडांवर नख्या घासावयास येत, त्यांच्याभोवती पारधी हरणाच्या स्नायूंच्या तातीचे फासे मांडीत. असा पकडलेला प्रत्येक चित्ता रानाच्या दृष्टीने मेल्यातच जमा होई.

पुढे बंदुका आल्या, माळराने नांगराखाली गेली, काळविटांचे कळप विरळ झाले. विसाव्या शतकात कोल्हापूर व भावनगर यांसारख्या संस्थानांना शिकारीचे चित्ते आफ्रिकेतून आणवावे लागले. कोल्हापूरचे चित्तेवान आपल्या कामात कुशल होते. पण त्यांच्या हाती आता परदेशी जनावर होते. 1947 साली कोरिया संस्थानच्या महाराजांनी तीन चित्ते मारले. ते बहुधा या देशातील अखेरचे ठरले. 1952 मध्ये चित्ता भारतातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले.

सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियाहून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आले. 2023 च्या मार्चमध्ये त्यांतील एका मादीला पिल्ले झाली. या चित्त्यांनी कोणासाठी हरण मारावे, अशी अपेक्षा आज नाही. माणसाच्या कामी येणे हे ज्या प्राण्याला एवढे महाग पडले, त्याच्याकडून काहीही न मागणे, हीच त्या जुन्या ऋणाची थोडीशी फेड होय.