गिटारची घूंऽऽ आणि सेथ लव्हर

अँप चालू केला की सूर लागायच्या आधीच घूंऽऽ येते ना? गिटार धरून जागच्या जागी फिरा. घूं कमी-जास्त झाली, तर ती पिकअपमधून येतेय. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी. ती स्ट्रिंगचं कंपन पकडते, तशी घरातल्या वायरिंगची गुणगुणही. (अमेरिकेत ६० हर्ट्‌झ, आपल्याकडे ५०.)

गिब्सनच्या सेथ लव्हरने दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडल्या, चुंबकाची टोकंही उलटी ठेवली. स्ट्रिंगचा सिग्नल दोनदा उलटून सरळ होतो. घूंला चुंबकाशी देणंघेणं नाही. ती एकदाच उलटते आणि वजा होते. निव्वळ बेरीज-वजाबाकी!

अर्ज १९५५ चा, पेटंट १९५९ चं. मधल्या काळात, १९५७ पासून, 'हंबकर' लेस पॉल गिटारवर आलासुद्धा. तरी सिंगल कॉइलचा तो खणखणीत टोन सुटत नाही म्हणून कित्येक जण आजही घूं सोसतात.