धुळे जेलमधले १८ रविवार

परवा ऑफिसात 'माइंडफुलनेस'चं सेशन झालं. डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या वगैरे. दहा मिनिटांनी डोळे उघडले आणि पहिला हात गेला तो मेलबॉक्सकडे. असो. पण त्यावरून आठवलं आमच्या खानदेशातलं एक जुनं सेशन.

१९३२ साली कायदेभंगाची चळवळ पुन्हा पेटली आणि विनोबा भावे धुळ्याच्या जेलमध्ये येऊन पडले. तिथे २१ फेब्रुवारी ते १९ जून, सलग १८ रविवार, दर रविवारी गीतेचा एक अध्याय. ऐकायला सोबतचे कैदी. त्यातच अमळनेरला मास्तरकी केलेले साने गुरुजी. ते बसून सगळं लिहून घेत. त्यातूनच 'गीता प्रवचने' हे पुस्तक झालं.

सहावा अध्याय, म्हणजे ध्यानयोग, आला २७ मार्चला. आसन कसं घालावं, नजर कुठे ठेवावी हे गीतेत आहेच, त्यामुळे विनोबाही टेक्निक सांगतील असं मला वाटलं होतं. पण त्यांचा भर तीन गोष्टींवर: चित्ताची एकाग्रता, जीवनाची परिमितता आणि समदृष्टी. मला टोचली ती मधली. परिमितता म्हणजे खाणं, झोप, बोलणं, काम, सगळं मोजकं. दिवसभर मन चौफेर उधळायचं आणि मग त्याला 'बस' म्हणायचं, हे जमणार कसं?

आता जेलमध्ये सगळं मोजूनच मिळतं. म्हणजे ध्यानाला सोयीचं? मला नाही पटत. सक्तीची भाकरी म्हणजे संयम नव्हे. उलट कैद्याचं मन जास्तच भटकत असणार, घराकडे, सुटकेच्या तारखेकडे.

जॉन कबॅट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत जुनाट दुखण्याच्या पेशंटसाठी माइंडफुलनेसचा कोर्स सुरू केला. त्याची मुळं बौद्ध ध्यानात, म्हणजे गीतेहून वाट वेगळी. पण तिथेही घरी रोजचा सराव होताच. आमच्या ऑफिसपर्यंत येता येता उरली दहा मिनिटं! श्वास मोजायला सांगतात, पण कामाचे तास कुणी मोजत नाही. परिमिततेचं सेशन कुठलीही कंपनी ठेवेल असं वाटत नाही :)

आणि खरं सांगू? त्या प्रवचनांइतकंच मला लिहून घेणाऱ्याचं कौतुक वाटतं. टेपरेकॉर्डर नाही, रिवाइंड नाही. मन क्षणभर इकडेतिकडे गेलं की वाक्य गेलं. साने गुरुजींनी असे रविवार काढले. मी मीटिंगचे मिनिट्स लिहायला बसतो, तर तिसऱ्या वाक्यालाच फोन बघतो.