दुहाती पट्टा

दोन्ही हातांत एकेक दांडपट्टा घेऊन सलग वार करण्याची मराठी युद्धकला. मर्दानी खेळांतील अत्यंत अवघड प्रकारांत तिची गणना होते. किल्ले रायगडावर शिवराज्याभिषेक सोहळ्यात पट्ट्याची प्रात्यक्षिके होतात.

शस्त्र : पट्ट्याचे पाते सरळ, लांब व लवचीक असते. मुठीच्या जागी पोलादी खोबळा असून तो मनगटापासून कोपराच्या दिशेने हात झाकतो. खोबळ्यातील आडवी मूठ धरली की मनगट जखडते, म्हणून वाराचा जोर कोपर, खांदा व कमरेतून काढावा लागतो. पुष्कळ जुन्या पट्ट्यांना युरोपीय पाती आढळतात. अशी पाती पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारातून दख्खनमध्ये येत. 

वारांची निवड : एरवी पट्टेकऱ्याच्या डाव्या हातात ढाल असते. तिथे दुसरा पट्टा आला की आडोसा जातो आणि फिरत्या पात्यांचा धाकच बचाव ठरतो. म्हणून जिथे पहिला वार संपतो तिथूनच दुसरा सुरू होईल, असे हात निवडतात : डोक्यावरून फिरणारा आडवा हात, खांद्यापासून विरुद्ध कमरेकडे उतरणारा तिरपा हात आणि दोन्ही बाजूंना आठचा आकडा काढणारा हात. उजवे पाते परतत असताना डावे पुढे असावे लागते. दोन्ही एकाच उंचीवर, एकाच वेळी आली तर आपसांत आदळतात. पवित्रा चुकला की धार वळते, पाते आडवे बसते आणि वार फुकट जातो. काठीच्या सरावात पाय पक्के बसल्याशिवाय पट्टा हाती देऊ नये, ते याचसाठी. जमिनीवरचे किंवा तळहातावरचे लिंबू कापणे ही या नेमकेपणाची कसोटी.

परंपरा : १३ जुलै १६६० रोजी घोडखिंडीत धारातीर्थी पडलेले बाजीप्रभू देशपांडे लोकस्मृतीत दोन्ही हातांनी लढताना दिसतात. १९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला.

संगणकीय खेळांत : भूमिका वठवण्याच्या खेळांतही दुहाती पात्रासाठी वारांची साखळी निवडावी लागते. ‘डायब्लो २’ (२०००) मधील बार्बेरियनचे ‘डबल स्विंग’ हे कौशल्य दोन्ही शस्त्रांनी एकेक वार करते. त्याच पात्राच्या ‘फ्रेन्झी’मध्ये वार लागत गेले की वेग वाढतो. प्रत्येक वारामागे आग किंवा विषाची ठरावीक इजा मिळत असेल, तर अनेक वारांचे कौशल्य लाभाचे ठरते. शत्रूचे चिलखत प्रत्येक वारातून ठरावीक इजा वजा करत असेल, तर एकच जबर वार बरा. पट्ट्याच्या आखाड्यात मात्र वारांच्या संख्येआधी दोन वारांमधली फट पाहतात, कारण ढाल नसलेल्या पट्टेकऱ्याला प्रतिस्पर्धी तिथेच गाठतो.