बोस्टनहून आलेले घर: हवाई बेटांवरील मिशनरी कुटुंबांचे दैनंदिन जीवन (थ्रेड)

१८२० च्या अखेरीस होनोलुलूच्या बंदरात जहाजातून एक अख्खे घर उतरवण्यात आले. खांब, तुळया, चौकटी सारे बोस्टनमध्ये कापून तयार केलेले. येथे आणून फक्त जोडायचे. पुढील वर्षी ते उभे राहिले आणि आजही उभे आहे. त्याची छते ठेंगणी आणि खिडक्या लहान आहेत. न्यू इंग्लंडच्या हिवाळ्यात आतली ऊब टिकावी, अशी ती रचना. हवाईत हिवाळा असा नसतोच! या घरात आणि त्याच्या कुंपणाआड जे घडले, त्याचे पडसाद पुढे एका राज्याच्या भाषेवर उमटले.

ही माणसे अमेरिकन बोर्डाची. मराठी वाचकांना हे नाव परके नाही. याच संस्थेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि त्यातून पुढे अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. अहमदनगरहून १८४२ मध्ये सुरू झालेला ‘ज्ञानोदय’ त्याच मिशनचा. मुंबईनंतर सहा वर्षांनी, ऑक्टोबर १८१९ मध्ये, बोर्डाने ‘थॅडियस’ नावाचे जहाज हवाईकडे धाडले.

जहाजावर सात जोडपी होती. दूरच्या बेटावर अविवाहित पुरुष पाठवायचे नाहीत, असे बोर्डाचे धोरण असल्यामुळे सातांपैकी सहा जोडप्यांचे विवाह निघण्याआधीच्या काही आठवड्यांत उरकले होते. हायरम बिंगहॅम यांची सिबिल मोझली यांच्याशी ओळख होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते, तोच लग्न लागले. पुढच्या दोन आठवड्यांत दोघे समुद्रावर. सोबत अमेरिकेत शिकलेले चार हवाईयन तरुणही होते. केप हॉर्नला वळसा घालून पाच महिन्यांहून अधिक काळ प्रवास चालला. हवाईत राजा कामेहामेहा जहाज निघण्याआधीच वारला होता, आणि दरम्यान त्याचा वारस लिहोलिहो याने स्त्रियांबरोबर एकाच पंगतीला बसून जुनी ‘कापू’ ही निषेधव्यवस्था मोडून टाकली होती. जुना धर्म मिशनऱ्यांनी मोडला, हा समज त्यामुळे टिकत नाही. तो हवाईयनांनी स्वतःच मोडला, आणि तेव्हा मिशनरी समुद्रात होते.

एप्रिल १८२० मध्ये, किनाऱ्यावर पाय ठेवण्याआधीच, मिशनरी स्त्रियांना पहिले काम मिळाले आणि ते होते शिवणकाम. राजघराण्यातील कालाकुआ ही राणी पांढरे तलम कापड घेऊन जहाजावर आली. या बायकांच्या अंगावर आहे तसा झगा आपल्यालाही हवा, आणि जहाज राजापर्यंत पोहोचण्याच्या आत हवा, असा तिचा हुकूम. डेकवर सुयादोरे निघाले. राजाने त्यांना राहण्याची परवानगी दिली ती केवळ एका वर्षाची. येथे कोण कोणाच्या मर्जीवर होते, हे त्यावरून कळते.

सुरुवातीला मुक्काम गवताने शाकारलेल्या झोपड्यांत होता. पीठ, कापड, औषधे अमेरिकेहून येत आणि यायला पाच-सहा महिने लागत. मिशनमध्ये खाजगी मिळकत नव्हती. आलेला माल सामाईक कोठारात जमा होई आणि तेथून प्रत्येक कुटुंबाला वाटा मिळे. या वाटपावरून कुरबुरी झाल्या, आणि मिशनचे डॉक्टर होल्मन पहिल्याच वर्षी बाजूला झाले. रोजच्या जेवणात स्थानिक पोई आली. पोई म्हणजे अळूचे कंद शिजवून, कुटून केलेला लगदा. आपल्याकडे अळूच्या पानांचे कौतुक. हवाईत सारा संसार त्याच्या कंदावर.

दिवसाचा खरा भार स्त्रियांवर होता. स्वयंपाक, धुणे, बाळंतपणे, आजारी माणसांची शुश्रूषा, त्यातच मुलींची शाळा, आणि दारात सतत पाहुणे. हवाईयन सरदार व राण्या आपल्या लवाजम्यासह येत, वाटेल तेथे बसत आणि वाटेल तितका वेळ थांबत. त्यांच्या रीतीप्रमाणे यात काही वावगे नव्हते. बंद दाराची सवय असलेल्या सिबिलसारख्या बाईला मात्र ते पेलणे कठीण जाई. हायरमने तिच्यासाठी स्वतःच्या हाताने एक डुलती खुर्ची बनवली. राज्याचा कारभार हाती असलेल्या राणी काआहुमानूने ती पाहिली आणि आपल्यालाही तशीच एक करून मागितली. सिबिलची दोन तान्ही मुले याच बेटावर दगावली.

घराशेजारी छापखाना होता. ७ जानेवारी १८२२ रोजी एलिशा लूमिसच्या यंत्रावर हवाईयन भाषेतील पहिले पान छापले गेले. दांडा ओढण्याचा मान केआउमोकू या सरदाराला मिळाला. त्याच वर्षी काआहुमानूनेही अक्षरे गिरवायला घेतली. कोणते अक्षर ठेवायचे आणि कोणते गाळायचे यावर मिशनऱ्यांत बराच खल झाला. एकच ध्वनी कोणाला ‘ल’ ऐकू येई, कोणाला ‘र’. १८२६ मध्ये बारा रोमन अक्षरांवर निवाडा झाला. त्यानंतर शिक्षणाची अक्षरशः लाट आली. १८३० च्या दशकाच्या आरंभी सुमारे ५० हजार लोक शाळांत जात होते. त्यांत बहुतेक प्रौढ होते, आणि शिकवणारेही बहुतांशी हवाईयनच. श्रेय एकट्या मिशनऱ्यांना देणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल. सरदारांचा पाठिंबा आणि लोकांची हौस नसती, तर छापलेली पाने कोठारात पडून राहिली असती.

हे सारे लोकांच्या भाषेत चालले होते, आणि त्याच घरांत मिशनऱ्यांच्या स्वतःच्या मुलांना ती भाषा बोलायला बंदी होती.

कैलुआ येथे राहणाऱ्या लूसी थर्स्टनने या बंदीला भिंतींचे रूप दिले. तिच्या घराला दोन निरनिराळी आवारे होती. एकात हवाईयन येत-जात, शिकत. दुसरे केवळ मुलांसाठी, आणि तेथे हवाईयन माणसाला मज्जाव. मुलांच्या कानावर स्थानिक बोलणे पडू नये, म्हणजे त्या बोलण्यातले ‘पाप’ही पडणार नाही, असा हिशेब होता. लूसी मोठी धीराची बाई. १८५५ मध्ये, वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर, भूल न घेता तिने स्तनाच्या गाठीची शस्त्रक्रिया करवून घेतली आणि त्यानंतर ती एकवीस वर्षे जगली. असल्या बाईलाही आपल्या मुलांच्या बाबतीत सर्वांत मोठी भीती वाटत होती ती शेजाऱ्यांच्या भाषेची. ती ज्या लोकांमध्ये राहायला आली होती, तेच हे शेजारी.

ज्यांना भिंतही पुरेशी वाटेना, त्यांनी मुले अमेरिकेला पाठवली. सिबिलची थोरली सोफिया आठेक वर्षांची असताना जहाजावर चढवली गेली. पाच महिन्यांचा प्रवास आणि पत्राच्या उत्तराला वर्षभराची वाट. या ताटातुटीला कंटाळून मिशनने मुलांसाठी पुनाहोउ येथे शाळा काढली आणि १८४२ मध्ये तेथे वर्ग भरू लागले. शाळेखालची जमीन हवाईच्या सरदारांनी बिंगहॅम यांना दिलेली होती.

बिंगहॅम दांपत्य सिबिलच्या ढासळलेल्या प्रकृतीमुळे १८४० मध्ये हवाई सोडून गेले, ते परतलेच नाही. इतर कुटुंबे राहिली. १८६३ मध्ये बोर्डाने आर्थिक मदत थांबवली, तोवर मिशनशी संबंधित काही जण व्यापारात आणि साखरेच्या धंद्यात शिरले होते. १८९३ मध्ये राणी लिलिउओकालानीला पदच्युत करणाऱ्या कटातील एक सूत्रधार लोरिन थर्स्टन हा लूसीचा नातू.

त्या उठावानंतर स्थापन झालेल्या प्रजासत्ताकाचा अध्यक्ष सॅनफर्ड डोल हा पुनाहोउच्या पहिल्या मुख्याध्यापकांचा मुलगा. त्याच्या जन्मानंतर काही दिवसांतच आई गेली, आणि त्या तान्ह्या मुलाला एका हवाईयन बाईने अंगावर पाजले. त्याच्याच राजवटीत १८९६ मध्ये कायदा झाला: शाळांतील शिक्षणाचे माध्यम इंग्रजी राहील. छापखान्यातून निघालेल्या त्या पहिल्या हवाईयन पानाला तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षे झाली होती.